पन्नाशीनंतर संध्याकाळ घरात घालवणे : जेवणाची वेळ, भाकरी आणि मित्रमंडळी

सांजवेळ

सर्वांना नमस्कार. मी पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे, चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो आणि निगडी प्राधिकरणात आई, पत्नी व महाविद्यालयात शिकणारा मुलगा यांच्यासह राहतो. गेल्या काही वर्षांत मी विचारपूर्वक एक निर्णय अमलात आणला आहे. कामावरून सुटल्यावर थेट घरी यायचे, साडेसातच्या सुमारास सर्वांबरोबर जेवायला बसायचे, आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री मित्रांबरोबर हॉटेलात किंवा कुणाच्या तरी शेतघरावर घालवण्याची तरुणपणापासूनची रीत बंद करायची. या निर्णयाने मी सुखी आहे. मात्र ओळखीपाळखीचे लोक त्याचे दोनच अर्थ लावतात : एक तर डॉक्टरांनी काहीतरी गंभीर सांगितले असणार, किंवा हा गडी आता थकला. घरी राहणे ही एखाद्या धडधाकट पुरुषाची मनापासूनची आवड असू शकते, हे आपल्याकडे सहजासहजी कुणाला पटत नाही. म्हणून हा धागा काढतो आहे.

प्रकृतीची बाजू आधी सांगतो. मला मधुमेह नाही. कारखान्यातील वार्षिक तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा ५.९ आला, कमरेचा घेर ९६ सेंटीमीटर भरला, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी गोळी न लिहिता जेवणाच्या वेळा विचारल्या. त्या प्रश्नावर विचार करताना मला असे पटत गेले की आपल्या वयाच्या नोकरदार पुरुषाचा आहाराचा प्रश्न हा बहुतांशी संध्याकाळचा प्रश्न असतो. सकाळचे पोहे आणि दुपारचा डबा यांत फारसे बिघडत नाही, कारण ते घरातून येते आणि ठरल्या वेळी संपते. बिघडते ते रात्री सात ते बारा या पाच तासांत. मित्रांबरोबर बसले की मसाला शेंगदाणे, मसाला पापड, कांदाभजी, तंदुरी असा चखणा सुरू होतो. जेवण मागवायलाच अकरा वाजतात. तोवर भूक मेलेली असते, तरीही समोर आलेला तवंगाचा रस्सा आणि लोणी लावलेली रोटी संपवली जाते. दुसऱ्या दिवशी उशिरा उठणे, फिरायला न जाणे आणि डोके जड आहे म्हणून तर्रीदार मिसळ खाणे, हे सारे त्यापाठोपाठ येते. यातला एखादा पदार्थ वगळून काही साधत नाही, कारण त्या रात्रीची सगळी आखणीच तशी असते. मी संध्याकाळ बदलली आणि खाणे त्यामागून बदलले, त्यासाठी वेगळा निग्रह फारसा करावा लागला नाही.

आता मी सव्वासहापर्यंत घरी पोहोचतो. आईबरोबर बसून मेथी किंवा शेपू निवडतो, आणि त्या अर्ध्या तासात तिच्याशी जे बोलणे होते ते पूर्वी सणावारालाही होत नसे. जेवणात ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, कांदा-काकडी, जवसाची चटणी, ताक आणि शेवटी थोडा आमटी-भात असतो. त्यानंतर मुलगा आणि मी सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतो. मुलगा मोकळेपणाने बोलतो तो नेमका या फेऱ्यांत, समोरासमोर बसून तो कधी बोलला नसता. साडेदहाला आम्ही झोपलेले असतो.

आपल्यापैकी कुणी असा बदल केला असल्यास जुनी मित्रमंडळी कशी सांभाळली, घरच्या जेवणात नेमके काय बदलले, आणि भाकरीबद्दल सध्या जे गोडवे गायले जातात त्यांत तथ्य किती, हे वाचायला मला आवडेल.

कृष्णाकाठ

अनुमोदन. लवकर जेवण्यात नवीन काही नाही, हे मात्र नोंदवावेसे वाटते. आमच्या कऱ्हाड तालुक्यातल्या गावी दिवेलागण झाली की चूल पेटे आणि आठच्या आत भांडी घासून झालेली असत. शेजारचे जैन कुटुंब तर सूर्यास्ताआधी जेवून मोकळे होई. रात्री दहाला जेवणे ही सवय शहरातील लांबचा प्रवास आणि रात्रीचे दूरदर्शनचे कार्यक्रम यांनी लावली, आणि बघता बघता तीच प्रतिष्ठेची वेळ ठरली. आपण परत फिरलात, त्याला म्हातारपण म्हणण्याचे कारण नाही.

ओवी

लेख प्रामाणिक आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. आमच्या यजमानांनी चाळिशी संपताना असाच निर्णय घेतला. नातेवाइकांत त्यांचे कौतुक सुरू झाले आणि माझी दमछाक सुरू झाली. त्यांच्यासाठी भाकरी, मुलांसाठी पोळ्या, सासऱ्यांसाठी मऊ भात, दोन भाज्या आणि त्यांतली एक बिनतेलाची, शिवाय रोज काकडी कोचवून कोशिंबीर आणि दर दोन दिवसांनी कडधान्य भिजवून मोड आणणे, हे सगळे मी स्वतः बँकेतून साडेसहाला परतल्यावर. पूर्वी ते शुक्रवारी बाहेर जेवत, तेव्हा मी आणि मुले मऊ खिचडी खाऊन नऊ वाजता मोकळी होत असू. ती माझी आठवड्यातली एकमेव सुटीची रात्र होती. ती गेली, आणि गेली हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे त्यात आढळले. त्यातही त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाण शंभरात सुमारे २६ होते, स्त्रियांचे ८१. अशा घरात एखादा पुरुष 'आता मी घरीच साधे जेवणार' असे जाहीर करतो तेव्हा ते साधे जेवण कुणाच्या हातून येणार हा पहिला प्रश्न असायला हवा. आपण मेथी निवडता हे वाचून बरे वाटले. पण भाकरी कोण थापते?

सांजवेळ

ओवीताई, आपला प्रश्न मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो. भाकरी मी थापतो.

सुरुवातीलाच पत्नीने एक अट घातली होती आणि ती अगदी रास्त होती : घरात एकाच प्रकारचा स्वयंपाक होईल आणि तो सर्वांना चालेल असा असेल. माझ्यासाठी वेगळे, मुलासाठी वेगळे असे काही होणार नाही. ती पाळणाघर चालवते आणि सायंकाळी सहाला शेवटचे मूल घरी गेल्यावर तिला ओट्यापाशी उभे राहण्याची इच्छा नसते. त्यामुळे रात्रीच्या भाकऱ्या माझ्याकडे आल्या, कोशिंबीर व ताक मुलाकडे गेले, आणि भाजी-आमटी ती व मी आलटून पालटून करतो. कडधान्य भिजवणे हे काम दिसायला क्षुल्लक, पण ते कुणीतरी आदल्या रात्री लक्षात ठेवावे लागते. ते लक्षात ठेवणेही मीच माझ्याकडे घेतले आहे, कारण अशी लक्षात ठेवायची कामे मोजलीच जात नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येत नाही. त्या दिवशी मी मुगाची खिचडी आणि कढी, किंवा भाजणीचे थालीपीठ आणि दही करतो.

भाकरी मला आईने शिकवली. ती आता ऐंशीच्या घरात आहे आणि तिचे मनगट दुखते, पण तिची नजर शाबूत आहे. स्टुलावर बसून ती परातीकडे बघत राहते आणि 'कडेकडेने थाप, मध्ये हात दाबू नकोस' एवढेच सांगते. पीठ हाताच्या तळव्याने रगडून रगडून मऊ केले की उंड्याला भेगा पडत नाहीत. थापताना बोटांचा कोन किंचित उभा ठेवला की भाकरी परातीत आपोआप फिरू लागते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकू लागले की उलटायची, आणि दुसरी बाजू भाजून झाली की थेट आचेवर धरायची. पापुद्रा सुटून भाकरी फुगते तेव्हा होणारा आनंद मला कोणत्याही मेजवानीत मिळालेला नाही. मी हे सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्या पिढीतल्या पुष्कळ पुरुषांना भाकरी खायला आवडते आणि ती हाताने होणारी गोष्ट आहे याचा त्यांनी कधी विचार केलेला नसतो.

फॅमिली डॉक्टर

धागाकर्त्यांचा आकडा आणि त्यांचा निर्णय यांविषयी थोडे वैद्यकीय लिहितो. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ या पट्ट्यात असेल तर त्याला मधुमेहपूर्व स्थिती म्हणतात, ६.५ पासून पुढे मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व स्थितीत आहेत. या दुसऱ्या गटातल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नसतो, म्हणून ते दवाखान्यात येत नाहीत.

कमरेच्या घेराकडे आपण फार कमी लक्ष देतो. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानतात, पाश्चात्त्य पुरुषांसाठी ती याहून बरीच वर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातून दाखवून दिले की भारतीय शरीर वजनकाट्यावर सडपातळ दिसत असतानाही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र छापले होते. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक जवळपास सारखाच होता, पण शरीरातील चरबी डॉ. याज्ञिकांची दुपटीहून अधिक निघाली. त्यामुळे 'मी काही जाड नाही' या भरवशावर राहू नये.

दिलासा देणारी गोष्टही सांगतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ आहार आणि रोजचे चालणे यांवर ठेवलेल्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्या गटात तो २६.४ टक्क्यांनी घटला. गोळी आणि चालणे-आहार दोन्ही एकत्र देऊन त्याहून विशेष अधिक लाभ झाला नाही. हे लोक काही तपस्वी नव्हते, आपल्यासारखेच नोकरदार होते. यावरून कुणी चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, एवढे मात्र बजावतो.

जेवणाच्या वेळेबद्दल धागाकर्ते म्हणतात ते बरोबर आहे. तेच अन्न सकाळी घेतल्यास साखर जितकी वाढते त्याहून ती रात्री उशिरा घेतल्यावर जास्त वाढते, कारण रात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता उतरलेली असते. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे सावकाश चालण्यानेही फरक पडतो.

मंगळवेढ्याचा शेतकरी

भाकरीचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. आमच्याकडची मालदांडी ज्वारी रब्बीत येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, आणि काळ्या खोल जमिनीत पावसाने जी ओल मुरलेली असते तिच्यावर ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाढते. बहुतेक ठिकाणी वेगळे पाणी द्यावे लागत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण आजही शेतकऱ्यांच्या हातचे सुटलेले नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण जिथे पाटाचे पाणी पोहोचले तिथे ऊस आला आणि ज्वारी मागे हटली. काढणीला माणसे मिळत नाहीत, कारण ताटे हाताने उपटावी लागतात. ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत त्यांना कडब्यासाठी तरी ज्वारी परवडते, इतरांचे गणित अवघड झाले आहे. त्यामुळे शहरात चांगली ज्वारी महाग वाटत असेल तर तिच्यामागचे हे कष्ट ध्यानात घ्यावेत.

एक सूचना करतो. तयार पिठाची पिशवी घेऊ नका. ज्वारी धान्य म्हणून घ्या, कडक उन्ह दाखवून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवा आणि आठवड्याला लागेल तेवढीच गिरणीतून दळून आणा. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते, मग भाकरी थापताना फाटते आणि चवीलाही कडवट लागते. शहरातल्या कितीतरी लोकांना 'आम्हाला भाकरी जमत नाही' असे वाटते, आणि खरे कारण शिळे पीठ हेच असते.

फॅमिली डॉक्टर

मंगळवेढ्याच्या दादांचा मान राखून भाकरीबद्दल थोडा तोल साधतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू असतात. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठातही हे आकडे जवळपास तेवढेच आहेत. पांढऱ्या भातात तंतू तीन ग्रॅमही नसतात. म्हणजे भाकरीचा फायदा दिसतो तो भात, मैद्याची रोटी आणि पाव यांच्या तुलनेत. कोंडा न काढलेल्या कणकेची पोळी खाणाऱ्याने उगाच अपराधी वाटून घेऊ नये. भाकरीला तेल लागत नाही, ती सावकाश चावावी लागते आणि दीड भाकरीत पोट भरल्यासारखे वाटते, हे तिचे खरे गुण. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चारांच्या हिशेबानेच वाढेल.

याच संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दिवसाला २००० कॅलरींच्या आहारासाठी त्यात २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस-मासे, ३०० मिलिलिटर दूध वा दही, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिले आहे. आपल्या मराठी जेवणात धान्य बहुधा याहून पुष्कळ जास्त असते, आणि डाळ व भाजी निम्म्यावर असते. आमटी पातळ असते हे विसरू नका. वाटीभर पातळ आमटीत डाळ किती, हे एकदा कोरडी डाळ मोजून पाहावे. पन्नाशीनंतर स्नायू झिजू लागतात, म्हणून वजनाच्या दर किलोमागे किमान पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने रोज पोटात जायला हवीत. त्यासाठी उसळ, पिठले, दही, अंडे यांना ताटात कायमची जागा द्यावी.

तेलाचा हिशेब महिन्याच्या किराणा यादीवरूनच होतो. माणशी २७ ग्रॅम धरले तर चौघांच्या घरात महिन्याला तेल आणि तूप मिळून साडेतीन लिटरांच्या आसपास पुरले पाहिजे. मिठाचे प्रमाण माणशी रोज ५ ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, बिस्किटे यांतले मीठही आले.

दुसरी पाळी

मी भोसरीत कामाला आहे आणि महिन्यातून दोन आठवडे माझी पाळी दुपारी साडेतीनला सुरू होऊन रात्री बाराला संपते. आपण सर्व साडेसातच्या जेवणाबद्दल ज्या सहजतेने लिहिता ते वाचून मला आमच्यासारख्यांची आठवण करून द्यावीशी वाटली. कँटीनमध्ये साडेआठला जेवण मिळते. त्यात भात, बटाटा आणि पातळ डाळ असते. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर गाडीवर अंडाभुर्जी-पाव मिळतो आणि घरी पत्नी-मुले झोपलेली असतात. घरच्या शांत संध्याकाळची मलाही ओढ आहे. पण ती माझ्या हातात नाही.

फॅमिली डॉक्टर

आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि माझ्या रुग्णांत आपल्यासारखे अनेक जण आहेत. त्यांना मी असे सुचवतो की दिवसाचे मुख्य जेवण दुपारी अडीचच्या सुमारास, निघण्याआधी, घरी भरपेट करावे. कँटीनमध्ये डाळ व भाजी घ्यावी, भात अर्धा घ्यावा आणि घरून नेलेली उसळ किंवा उकडलेली अंडी त्याला जोडावी. घरी पोहोचल्यावर भूक लागलीच तर ताक किंवा कपभर दूध पुरे, त्या वेळी पुन्हा जेवू नये. आपल्या घरातली शांत वेळ सकाळी नऊ ते दोन ही आहे. तिचा उपयोग धागाकर्ते संध्याकाळचा करतात तसाच करता येईल. मुले सुटीच्या दिवशी घरी असतील तेव्हा दुपारचे ते जेवण सर्वांनी मिळून व्हावे.

रापणकर

आम्ही मालवणकडचे. रात्री मासे-भात नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही, आणि सोडावाही लागत नाही. भात अर्ध्यावर आणून मासे वाढवावेत, रव्यात घोळवून तळण्याऐवजी तिरफळे घालून बांगड्याचे सुके करावे, आणि आठवड्यातून एकदा कुळथाची पिठी व नाचणीची भाकरी करावी. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. ज्याचे-त्याचे गावचे जेवण सांभाळूनच हा बदल टिकतो, असे माझे मत आहे.

निवृत्त शिक्षक

माझे वय चौऱ्याहत्तर आहे. धागाकर्त्यांना एकच काळजीची गोष्ट सांगतो. पन्नाशीत घरी राहणे निवडले तेव्हा मलाही सुख वाटले होते. पण पुरुषांची मैत्री बहुतेक वेळा कामाच्या किंवा बसण्याच्या जागेवर अवलंबून असते. ती जागा काढून घेतली की वर्षभरात फोन कमी होतात, आणि साठीला निवृत्तीनंतर नोकरीतली माणसेही जातात. माझ्या पिढीतले कितीतरी पुरुष त्या वेळी फक्त पत्नीच्या सोबतीवर उरले आणि तिच्या पश्चात अगदी एकटे पडले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ पासून काही पुरुषांचा आयुष्यभर मागोवा घेतला. पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांत समाधान होते ते ऐंशीच्या वयात अधिक निरोगी आढळले, असा त्यातला एक निष्कर्ष आहे. त्यात घरची नाती जशी आली तशीच मित्रांचीही. तेव्हा हॉटेल सोडावे, माणसे सोडू नयेत. मी स्वतः आमच्या पेठेतल्या वाचनालयात रोज सकाळी तासभर जातो आणि तिथल्या चार जणांशी माझे बोलणे झाले नाही असा दिवस सहसा जात नाही.

सांजवेळ

सर, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मैत्रीबद्दल जे घडले ते मोकळेपणाने लिहितो. आमचा सहा जणांचा गट होता. मी रात्री बसायला येणार नाही असे सांगितले तेव्हा त्यांना ते नाकारल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते, म्हणून मी त्याच वेळी पर्यायही ठेवला : रविवारी सकाळी साडेसहाला दुर्गा टेकडी, आणि उतरल्यावर माझ्या घरी नाश्ता. तिघे येऊ लागले. उकड, घावन, कधी आंबोळी असा नाश्ता होतो आणि गप्पा पूर्वीसारख्याच रंगतात. उलट आता त्या दुसऱ्या दिवशी आठवतात. मुलांची शिक्षणे, आईवडिलांची आजारपणे, कर्जाचे हप्ते असे विषय रात्रीच्या बैठकीत कुणी काढत नसे, ते टेकडीच्या चढावर निघतात. गटातला एक जण आता दर बुधवारी रात्री आमच्याकडे जेवायला असतो. त्याची पत्नी मुलीकडे परदेशी गेली आहे आणि तो हॉटेलच्या डब्यावर दिवस काढत होता. तो आला की कोशिंबीर तो करतो.

दोघे मात्र दुरावले. त्यांतला एक माझा शाळेपासूनचा मित्र आहे. त्याला माझे हे वागणे उपदेशासारखे वाटते, जरी मी त्याला एका शब्दाने कधी काही सुचवलेले नाही. त्याच्या वाढदिवसाला मी आवर्जून जातो, जे वाढलेले असेल ते जेवतो, साडेअकरापर्यंत थांबतो. लग्नकार्यातही मी ताटाकडे पाहून नाक मुरडत नाही, जिलबी असेल तर जिलबी खातो. महिन्यातल्या एखाद्या रात्रीने काही होत नाही हे डॉक्टरसाहेबही मान्य करतील. आहाराच्या नावाखाली दुसऱ्याच्या पंगतीत बसून पथ्ये सांगणे मला पटत नाही. तरीही त्या मित्राची उणीव मला भासते, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मद्याबद्दल कुणी विचारले नाही, तरी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. मी ते सोडण्याची शपथ वगैरे घेतली नाही. बसणे थांबले तसे ते थांबले.

ओवी

सांजवेळ, आपले उत्तर मी यजमानांना वाचून दाखवले. त्यांनी शुक्रवारचा स्वयंपाक मागून घेतला आहे आणि पहिल्या दिवशी पिठले-भाकरी करायची असे ठरवले आहे. आपल्या मातोश्रींना एक विचारून सांगाल का? पीठ भिजवायला पाणी गरम घ्यावे की साधे? आमच्याकडे याबद्दल दोन मते आहेत.

सांजवेळ

आईने सांगितलेले लिहितो. दळण ताजे असेल तर कोमट पाणी पुरते. दळून दहा-बारा दिवस झाले असतील तर परातीत पिठाला आळे करून त्यात उकळते पाणी ओतावे, उलथन्याने कालवावे, झाकून पाच मिनिटे ठेवावे आणि हात सोसेल इतके गरम असतानाच मळावे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्याने पिठाला येतो. सगळे पीठ एकदम भिजवू नये, एका भाकरीपुरतेच मळून घ्यावे. तवा लोखंडी आणि जाड बुडाचा असावा. आणि यजमानांना सांगा, पिठले आधी करून ठेवावे, कारण भाकरीला लागले की दुसऱ्या गॅसकडे लक्ष जात नाही.